चौथ्या रांगेतला पट्टा

मी कॉलेजात काय शिकवतो, असं माझ्या आत्याने एकदा विचारलं. मी म्हटलं, "वाचायला शिकवतो." ती म्हणाली, "एम.एस्सी.च्या पोरांना? आणि शाळेतल्या मेष्ट्रांनी इतकी वर्षं काय केलं?" या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली, अजून सापडलेलं नाही.

दिवाळी अंकासाठी आपल्या व्यवसायातले थरारक अनुभव लिहा, असं संपादकांनी कळवलं आहे. वकिलांकडे खून असतात, डॉक्टरांकडे रोगी असतात, पोलिसांकडे दोन्ही असतं. माझ्याकडे एक लांब टेबल होतं, त्याभोवती खुर्च्या होत्या, आणि दर शनिवारी सकाळी जीवशास्त्रातला एक शोधनिबंध असायचा. तिथे माझ्या कारकिर्दीत कोणी मेलं नाही. रेशमाचे किडे मेले, पण ते मरणारच होते. तेव्हा थरार ज्याने त्याने आपल्या प्रकृतीप्रमाणे काढून घ्यावा.

भाषेबद्दलही आधीच सांगतो. आमचं घराणं म्हैसुरात नक्की केव्हा आलं हे कोणालाच माहीत नाही. कोणीतरी घोड्यावरून आलं होतं, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत आहे. घोड्यावरून उतरल्यावर बाकीचे सगळे कारकून आणि मास्तर झाले. घरात आम्ही मराठी बोलतो, पण चिडलो की कन्नड येतं, आणि लाज वाटली की इंग्रजी. संपादकांनी कन्नड शब्द काढून टाकले तर माझी हरकत नाही, फक्त मग माणसं मुकी वाटतील.

आता धंद्याची माहिती. पाठ्यपुस्तकात विज्ञान जेवणाच्या ताटासारखं वाढून आलेलं असतं. शोधनिबंध म्हणजे स्वयंपाकघर. कोणी काय केलं, कसं केलं, काय दिसलं, हे करणाऱ्यानेच लिहिलेलं असतं. त्यात वर लेखकांची नावं, मग सारांश, मग पद्धत, मग आकृत्या आणि आकडे, आणि शेवटी "चर्चा" नावाचा भाग. चर्चा म्हणजे लेखकाने स्वतःच स्वतःची केलेली वकिली. विद्यार्थी सारांश वाचतात, चर्चा वाचतात, आणि मधल्या आकृत्यांवरून पान उलटतात. म्हणजे वकिलाचं भाषण ऐकायचं आणि साक्षीदाराला घरी पाठवायचं.

म्हणून मी कात्री घेतली. बायकोच्या शिवणाच्या डब्यातली होती. ती परत मागत राहिली आणि मी देतो म्हणत राहिलो. प्रत्येक निबंधाची नावं, सारांश आणि चर्चा मी कापून काढायचो. सारांश काय बघायचं ते सांगतो, चर्चा काय समजायचं ते सांगते, आणि नावं किती घाबरायचं ते सांगतात. तिन्ही गेली की उरतं ते त्या लोकांनी खरोखर केलेलं काम. ते विद्यार्थ्यांना द्यायचं. एकाने उभं राहून सांगायचं: यांनी काय केलं, यांना काय दिसलं, आणि त्यावरून काय म्हणता येतं. बाकीच्यांनी अडवायचं. सगळं संपल्यावर कापलेले तुकडे मी पाकिटातून काढून वाटायचो. विद्यार्थी मला मागून "कत्तरी मेष्ट्रु", कात्रीवाले मास्तर, म्हणायचे. समोर सर म्हणायचे, पण सूर तोच असायचा.

या वर्गात "गोत्तिल्ला", म्हणजे ठाऊक नाही, हे उत्तर चालायचं. बाकी कुठल्याच वर्गात ते चालत नव्हतं, त्यामुळे पहिले काही आठवडे कोणी ते उच्चारायलाच धजत नसे. नंजुंडस्वामी नावाचा एक मुलगा होता. तो कापून उरलेला निबंध अक्षरशः पाठ करून आला होता. मी विचारलं, "दुसऱ्या आकृतीत आडव्या रेषेवर काय मोजलंय?" त्याने डोळे मिटले आणि किडे कुठल्या दुकानातल्या बाटल्यांत ठेवले होते इथपासून सुरुवात केली. थांबवलं तर पुन्हा बाटल्यांपासून. पुढे तो एका मोठ्या औषध कंपनीत फार वर चढला. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

दुसऱ्या एकाला लेखकांविषयी भाच्यासारखी माया होती. कुठलीही खोट काढली की तो म्हणायचा, "एवढे शिकलेले लोक सर, त्यांनी काही विचार केला असेल ना, अल्लवा?" मी म्हणायचो, "केला असेल तर लिहिला का नाही?" तो म्हणायचा, "जागा नसेल सर." त्याच्याशी वाद घालून मी कधीच जिंकलो नाही.

तुलनेसाठी एक नमुना तसाच ठेवावा लागतो, हे पटवायला मात्र दोशाच्या पिठाचा उपयोग व्हायचा. नवा सोडा घातला आणि पीठ छान फुगलं, तर सोडा चांगला म्हणायचं का? की उन्हाळा आहे म्हणून फुगलं? बिनसोड्याचं एक भांडं शेजारी ठेवलं असेल तरच कळेल. हे एकदा समजलं की विद्यार्थी घरी जाऊन आयांना छळायचे, अशा तक्रारी माझ्यापर्यंत येत.

मासिकं आमच्या कॉलेजला परवडत नव्हती. बेंगळूरला कोणी निघालं की त्याच्या हाती यादी द्यायची. तो तिथल्या ग्रंथालयातून झेरॉक्स आणायचा. ती प्रत माझ्याकडे राहायची, आणि तिच्या प्रती आमच्या फाटकासमोरच्या कृष्णप्पाकडे काढायच्या. कृष्णप्पा काटकसरी होता. मशीनमधली पूड तो जपून वापरायचा. "स्वल्प फिकं येतंय सर," तो म्हणायचा, "पण वाचता येतं." वाचता यायचं. त्याबद्दल आमची कधी तक्रार नव्हती.

आता वनजाबद्दल. वनजा जाधव. नाव कानडी, आडनाव मराठी; म्हैसुरात असं अर्धं अर्धं पुष्कळ असतं. तिचे पूर्वज म्हणे राजांच्या फौजेत होते. वडील लष्कर मोहल्ल्यात बँडची वाद्यं दुरुस्त करायचे. लग्नाचे बँड, शाळांचे बँड, सगळ्यांची पिचकलेली पितळी तोंडं त्यांच्याकडे यायची. वनजा त्या ठोकाठोकीत अभ्यास करून आली होती, त्यामुळे वर्गात कितीही आरडाओरडा झाला तरी तिचं लक्ष हलत नसे. माझ्या सगळ्या वर्षांत आकृती तिच्याइतकं टक लावून बघणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही. हे मी तिला कधी सांगितलं नाही. आमच्या पिढीचे मास्तर असं काही सांगत नसत. ते बरोबर होतं की नाही, मला माहीत नाही.

तिला संशोधन करायचं होतं. बेंगळूरच्या एका संस्थेत डॉ. चंद्रमौळी म्हणून रेशीमकिड्यांवर काम करणारे मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांच्याकडे एकच जागा होती. त्यांनी वनजाची मुलाखत घेतली होती, दुसऱ्या एका मुलाचीही घेतली होती, आणि तोंडी परीक्षा घ्यायला म्हैसूरला येईन तेव्हा निकाल सांगतो, असं म्हणाले होते. इकडे हिनकलच्या एका शाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा रिकामी झाली होती. शाळेचा बँड वनजाच्या वडिलांकडे यायचा, त्या ओळखीवर जागा तिच्यासाठी धरून ठेवलेली होती. सोमवारी दहा वाजता येऊन सही करायची, नाहीतर दुसऱ्या कोणाला देणार. तिच्या अप्पांचं म्हणणं सरळ होतं. बेंगळूरचं नक्की असेल तर जा, नसेल तर हिनकल. घरात मिळवणारं दुसरं कोणी नव्हतं.

त्या सोमवारच्या आधीच्या शनिवारी निबंध वनजाकडे होता. सगळे टेबलाभोवती बसले आणि दार उघडून डॉ. चंद्रमौळी आत आले. परीक्षा सोमवारी होत्या, पण ते लवकर आले होते. "तुमच्या या वर्गाबद्दल ऐकलंय," ते म्हणाले. "मागे बसतो. चालेल ना?"

चालेल, असं म्हणताना मी हातातली प्रत टेबलावर पालथी घातली. कारण त्या दिवशीचा निबंध त्यांचाच होता.

निवड मी महिन्यापूर्वी केली होती. नावं नेहमीप्रमाणे कापलेली. वनजाला काहीच कल्पना नव्हती. तिला एवढंच दिसलं की ज्यांच्या हाती आपली जागा आहे ते गृहस्थ मागे बसले आहेत. तिने पदर सारखा केला, आणि अशा वेळी हुशार विद्यार्थी जे करतो ते करायचं ठरवलं. म्हणजे निबंध फाडून खायचं.

एक प्रत मी चंद्रमौळींच्या हाती दिली. त्यांनी पहिलं पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी उठायला लागलो तर त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं.

निबंध असा होता. रेशीमकिड्यांची एक जात एका रोगाला दाद देत नाही. का देत नाही? लेखकांचं म्हणणं, रोगाची लागण झाली की या जातीच्या रक्तात एक खास प्रथिन तयार होतं. ते दाखवायची रीत अशी: रक्त जेलीच्या एका पातळ थरात सोडायचं आणि त्यातून वीज न्यायची. लहान प्रथिनं पुढे पळतात, मोठी मागे राहतात. मग रंग दिला की प्रत्येक प्रथिनाचा एक आडवा पट्टा दिसतो. या आकृतीत चार उभ्या रांगा होत्या. साधी जात निरोगी, साधी जात लागण झालेली, ही खास जात निरोगी, आणि चौथ्या रांगेत ही खास जात लागण झालेली. चौथ्या रांगेत एक जास्तीचा पट्टा, तिथे लेखकांनी काळा बाण काढलेला. सगळा निबंध त्या एका पट्ट्यावर उभा होता.

वनजाने पद्धत नीट सांगितली. मग आकृतीवर आली.

"बाण आहे," ती म्हणाली. "पण बाणाच्या टोकाला काही नाही."

सगळ्यांनी आपापल्या प्रती डोळ्यांजवळ नेल्या. मीही नेली. बाण अगदी ठळक होता. टोकाला खरंच काही नव्हतं.

"चौथी रांग तिसऱ्या रांगेसारखीच दिसते," ती पुढे म्हणाली. "म्हणजे लेखकांना जे दिसायला हवं होतं ते त्यांना दिसलं. आम्हाला दिसत नाही. आणि हा प्रयोग किती वेळा केला, हे कुठेच लिहिलेलं नाही. मला वाटतं, एकदाच केला असावा."

लेखकांवर माया करणारा तो मुलगा म्हणाला, "लिहायला जागा नसेल." वनजा म्हणाली, "बाण काढायला होती."

वर्ग हसला. मी हसलो नाही. मागून चंद्रमौळींनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही लेखकांच्या जागी असता तर काय केलं असतं?"

"पुन्हा केला असता सर. पट्टा येईना तर छापला नसता."

चंद्रमौळींनी हातातला कागद डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "एकदाच केला होता. दुसऱ्या खेपेचे किडे मेले, आणि परिषदेची तारीख आली होती. पट्टा पाहिल्याचं मला आठवतं. पण ही मुलगी म्हणते ते बरोबर आहे. इथे काही नाही." ते उठले, मला नमस्कार केला आणि गेले. त्यांच्यासाठी मागवलेली कॉफी तशीच राहिली.

मी पाकीट उघडून तुकडे वाटले, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. वनजाने वरच्या तुकड्यावरचं नाव वाचलं आणि तो तुकडा नीट घडी करून ठेवला. सगळे गेल्यावर मला म्हणाली, "होगली सर, जाऊ दे. हिनकलला जनरल सायन्स आहे. बेडकापर्यंत शिकवतात."

मला फार वाईट वाटलं. माझ्या वर्गात जे करायला शिकवलं तेच तिने केलं होतं, आणि उत्तम केलं होतं.

रविवारी सकाळी मी बेंगळूरहून आलेली मूळ प्रत कपाटात ठेवायला काढली. ठेवण्याआधी सवयीने आकृतीवर नजर गेली. चौथ्या रांगेत, बाणाच्या टोकाला, पट्टा होता. फिकट होता, पण होता. मी खिडकीशी नेऊन पाहिला, चष्मा काढून पाहिला, बायकोला दाखवला. ती म्हणाली, "आहे की. बाण कशाला मग?"

कृष्णप्पाच्या मशीनने शब्द आणले, बाण आणला, पट्टा आणला नाही. आणि आम्हा एवढ्या शिकलेल्या माणसांपैकी कोणाच्याच मनात आलं नाही की ही प्रतीची प्रत आहे. दुसरा कोणीही सहज म्हणाला असता, "झेरॉक्स खराब आहे हो." ही चूक करायला आमचंच शिक्षण लागतं: समोर दिसतं तेवढंच मानायचं, असं वर्षानुवर्षं घोकलेलं शिक्षण. चंद्रमौळींना का नाही कळलं? मला वाटतं, एकदाच केलेल्या त्या प्रयोगाची बोच त्यांना इतकी वर्षं होती. कोणीतरी बोट ठेवलं, आणि ते लगेच कबूल झाले.

मी लष्कर मोहल्ल्यात गेलो. वनजाचे वडील ओट्यावर मांडीवर एक भलं मोठं पितळी वाद्य घेऊन बसले होते.

"नमस्कार सर, या, बसा. ए वनू, मेष्ट्रु आलेत नोडु, बघ."

ती बाहेर आली. मी प्रत दाखवली. तिने पाहिली आणि बाणाच्या टोकावर बोट ठेवलं. "अय्यो," एवढंच म्हणाली.

वडिलांना मी सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे पट्टा आहे," ते म्हणाले.

"आहे."

"हिने नाही म्हटलं."

"हो."

"आणि ज्यांचा पट्टा, त्यांनीही नाही म्हटलं."

"हो."

"मग तक्रार कोणाची आहे?" त्यांनी लाकडी हातोडी उचलली. "राहू द्या की सर. सुम्ने, उगाच कशाला?"

खरं सांगायचं तर माझंही मत तेच होतं. वनजा बरोबर होती, एवढीच आता तिच्याकडची जमेची बाजू होती. बरोबर बोलणाऱ्या मुलीला एखादा मोठ्या मनाचा माणूस कदाचित जागा देईल. पण सगळ्यांसमोर ज्यांना खोटं पाडलं, त्यांना "तुम्ही खोटे नव्हता, मीच चुकले" असं सांगायला गेलं, तर कुठलं मोठं मन उरणार? मी म्हटलं, "मी त्यांना सावकाश पत्र लिहीन. तू उद्या हिनकलला जा, सही कर."

"नको सर," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर नाही मीच म्हटलं. आता आहे म्हणून मीच सांगायला पाहिजे, अल्लवा? ते घरी जाऊन काय विचार करत बसले असतील?"

"उद्या दहाला हिनकल आहे," वडील म्हणाले.

"परीक्षा पण दहालाच आहेत, अप्पा. आज ते बाहेरगावी आहेत, उद्या दुपारी परीक्षा संपल्या की थेट गाडीला जाणार, आणि हिनकलहून तोवर परत येता येणार नाही."

"हिनकलची बस वेगळ्या बाजूला जाते."

"ठाऊक आहे."

वडिलांनी वाद्याचं तोंड फिरवून पाहिलं आणि एक पोच हलक्या हाताने सरळ केली. मग म्हणाले, "चूक सांगायला चाललीस. कपडे तरी इस्त्रीचे घाल."

सोमवारी दहा वाजता ती परीक्षेच्या खोलीबाहेर उभी होती. मी आतला परीक्षक होतो. पहिला मुलगा बाहेर गेला तशी ती आत आली, आणि मूळ प्रत आणि कृष्णप्पाची प्रत शेजारी शेजारी टेबलावर ठेवली. "सर, पट्टा आहे. झेरॉक्समध्ये गेला होता. मी न तपासता बोलले. माझी चूक आहे."

चंद्रमौळींनी दोन्ही कागद खिडकीशी नेले. परत येऊन बसले. बाहेर रांगेतल्या मुलांची कुजबुज ऐकू येत होती.

"पट्टा झेरॉक्समध्ये गेला," ते म्हणाले. "पण प्रयोग एकदाच केला, ते काही झेरॉक्समुळे झालं नाही."

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून तिला परत दिले.

"तुला दुसरीकडे कुठे जायचं होतं का? मुलाखतीत एका शाळेचं म्हणाली होतीस."

"हो सर. दहालाच."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजत आले होते. "मग ते गेलं."

"हो सर."

"चौथी रांग पुन्हा करायची आहे," ते म्हणाले. "नीट, पुष्कळ वेळा. माझ्याकडे करायला माणूस नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ये." आणि मला म्हणाले, "पुढचा विद्यार्थी बोलवा."

याला नेमणूक म्हणतात, हे बाहेर आल्यावर मला तिला समजावून सांगावं लागलं. मग ती जिन्यातच रडायला लागली. मी इंग्रजीत काहीतरी बोललो.

वनजा बेंगळूरला गेली. कामाबद्दल ती कधीमधी कळवायची. रेशीमकिडे पाळणं म्हणजे रोज तुतीचा पाला कापायचा, खाली पडलेलं साफ करायचं, मेलेले वेचायचे, आणि सणावाराला घरी यायचं नाही. तिचे वडील रस्त्यात भेटले की विचारायचे, "सर, पट्टा मिळाला का?" मी म्हणायचो, "शोधतेय." ते म्हणायचे, "आणि याचा पगार देतात?" मी हो म्हणायचो. ते मान हलवत पुढे जायचे. त्यांना खोटं वाटत नव्हतं, फक्त फार मोठ्या मनाचं सरकार आहे असं वाटत होतं.

दोनेक वर्षांनी एका दुपारी तिचा फोन आला. पट्ट्याचा छडा लागला होता. लागण झालेल्या निरोगी किड्यांत, म्हणजे ज्यांना दुसरा काही आजार नाही अशा किड्यांत, तो कधीच येत नव्हता. येत होता तो फक्त अशा किड्यांत, ज्यांना आतून आणखी एक वेगळाच रोग होता. तो रोग बाहेरून दिसत नाही. पट्टा खरा होता. त्याचा अर्थ चुकीचा होता. चंद्रमौळींचे ते पहिले किडे मुळातच आजारी असणार, आणि म्हणूनच दुसरी खेप मेली असणार.

"सर, त्यांना कसं सांगू?" ती म्हणाली. "ते या वर्षी रिटायर होतायत. त्या पट्ट्यावर लोक त्यांना ओळखतात. आणि माझी डिग्री त्यांच्या सहीवर आहे. एकदा खोटं ठरवलं, मग खरं ठरवलं, आता परत खोटं ठरवायचं?"

मी म्हटलं, "आकृत्या दाखव. तू बोलू नकोस." एवढा एकच सल्ला माझ्याकडे होता. आयुष्यभर तोच देत आलो.

तिने दाखवल्या. त्यांनी दोन दिवस त्या घरी ठेवून घेतल्या. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, लिहायला घे, आणि माझं नाव पहिलं घाल.

इथे जरा खुलासा करतो. शोधनिबंधात पहिलं नाव ज्याने काम केलं त्याचं असतं. सगळं श्रेय तिथे. पुढची नोकरी त्या नावावर मिळते. वनजा घाबरट नव्हती, ती म्हणाली, "सर, किडे मी पाळलेत." ते म्हणाले, "चूक माझी आहे. ती मला पहिल्या नावाने छापू दे. जुना लेख ज्याच्या हाती पडेल, त्याला माझ्या नावावरून हाही सापडला पाहिजे." ती म्हणाली, "मग माझ्या डिग्रीचं काय?" असं आठवडाभर चाललं. चूक आपल्या नावावर यावी म्हणून हटून बसलेला दुसरा माणूस मी ऐकलेला नाही. अखेर ते मागे हटले. पहिलं नाव वनजाचं, दुसरं त्यांचं. पण एका अटीवर: जुन्या प्रयोगाबद्दलचं वाक्य मी लिहीन, आणि त्याला कोणी हात लावायचा नाही.

वनजाने हात लावला. आधीच्या लेखातल्या प्रयोगांची संख्या मर्यादित होती, असं तिने मसुद्यात मऊ करून घातलं. त्यांनी खोडलं. पुन्हा तिने दुसरीकडे घातलं, त्यांनी पुन्हा खोडलं. ती सांगत होती, ते रागावलेच नाहीत. नुसते पेन काढायचे आणि खोडायचे.

छापून आल्यावर मासिकाच्याच चकचकीत कागदावरची प्रत तिने मला टपालाने पाठवली. मी ओट्यावर उभ्याउभ्याच उघडली. सारांश वाचला नाही, चर्चा वाचली नाही, आकृत्या पाहिल्या, सवय. मग पद्धतीच्या भागात, तळाशी, ते वाक्य सापडलं. "या लेखाच्या दुसऱ्या लेखकाने पूर्वी प्रसिद्ध केलेला प्रयोग एकदाच केला होता, आणि तो एकदाच केला आहे हे लिहिलं नव्हतं."

मला पुढचं दिसेना. बायकोला हाक मारली. ती हात पुसत धावत आली.

"काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "एका माणसाने खरं लिहिलंय."

"मग रडताय कशाला?"

मी तिला ते वाक्य मराठीत करून सांगितलं. तिने ते ऐकलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं, आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसली.